बायपासचा खर्च नेमका किती? महाड-पोलादपूरच्या कुटुंबाने हिशोब कुठून सुरू करावा

"तिन्ही नसांमध्ये ब्लॉक आहेत, बायपास करावी लागेल." डॉक्टरांनी एवढं सांगितलं की घरात एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात तोच असतो. पैसे किती लागतील? मग फोनाफोनी सुरू होते. मुंबईचा चुलतभाऊ सांगतो तीन लाख. पुण्याची मेहुणी सांगते सात लाख. आणि शेजारचे काका म्हणतात, "अरे, कार्डावर फुकट होतं, आमच्या भाच्याचं झालं."

गंमत अशी की तिघंही खरं बोलत असतात. बायपासची अशी एक किंमत नसतेच. शस्त्रक्रिया तीच असते, पण कुठल्या दारातून आत गेलात त्यावर बिल ठरतं. मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात बायपासला साधारण अडीच ते सहा लाख लागतात. झडप बदलायची असेल तर तीन ते सात लाख. एका स्टेंटची अँजिओप्लास्टी सव्वा ते अडीच लाखांत होते. हृदय प्रत्यारोपणाचा आकडा पंचवीस लाखांच्या पुढे जातो. हे सगळे मोघम आकडे आहेत. खोली कुठली घेतली, अतिदक्षता विभागात किती दिवस गेले, मधुमेह किंवा किडनीचा त्रास आहे का, यावर ते हलतात. तीच शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसली तर रुग्णालयाचं बिल शून्य होऊ शकतं.

म्हणून "किती लागतील?" हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न वेगळा आहे.

किती दिवस थांबता येईल?

हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. "साहेब, हे आजच करायला हवं, या आठवड्यात, की महिनाभर थांबलं तर चालेल?" पैशांचं सगळं नियोजन या उत्तरावर उभं असतं. डावीकडच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा असेल किंवा बसल्याजागी छातीत दुखत असेल, तर थांबायला वाव नसतो. पण चालल्यावर धाप लागते आणि औषधांनी आटोक्यात आहे, अशा रुग्णाला बरेचदा काही आठवडे मिळतात. या आठवड्यांत कागदपत्रं, दुसरा सल्ला आणि रुग्णालयाची निवड, तिन्ही होऊ शकतात. भीतीपोटी त्याच दिवशी ॲडव्हान्स भरणारी कुटुंबं ही संधी घालवतात.

प्रत्यक्ष झटका आला असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेवा. तेव्हा योजना, कार्ड, ओळखीचा डॉक्टर शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळच्या जागी ईसीजी काढायचा. महाडहून पनवेल सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. पोलादपूर त्याहून वीसेक किलोमीटर दक्षिणेला, आणि मधे मुंबई-गोवा महामार्ग आहेच, त्याच्याबद्दल इथल्या माणसाला काही सांगायला नको. झटका आल्यावर दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणं इथून अवघड आहे. म्हणून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आधी जवळच घ्यायचं आणि मग पुढे निघायचं, हा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो. पहिल्या तीन तासांत त्या इंजेक्शनचा सर्वाधिक उपयोग होतो, बारा तासांनंतर फारसा नाही. "इथे कशाला, सरळ मुंबईलाच नेऊ" या हट्टात स्नायू मरत जातो. मेलेल्या स्नायूची किंमत पुढे आयुष्यभर औषधांच्या रूपात मोजावी लागते.

आणीबाणीत योजनेचं काय? भरती करताना सगळे कागद हातात नसले तरी रुग्णालयाला फोनवरून योजनेकडे नोंद करून उपचार सुरू करता येतात. कागद मागाहून लगेच द्यावे लागतात.

"कार्डावर फुकट" म्हणजे काय?

महाराष्ट्र सरकारची पहिली जीवनदायी योजना १९९७ ची. हृदय, मेंदू आणि किडनीच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती होती. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता, म्हणजे इथल्या लोकांना ती इतर बऱ्याच जिल्ह्यांच्या वर्षभर आधी मिळाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०१७ मध्ये योजनेचं नाव महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झालं. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडून चालते, आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड असो. संरक्षण वर्षाला कुटुंबाला पाच लाख.

"आम्ही पांढऱ्या कार्डाचे, आम्हाला कुठे मिळतंय" म्हणणारे आजही भेटतात. ती जुनी गोष्ट झाली.

घरात सत्तरी ओलांडलेलं कोणी असेल तर आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या नागरिकांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. आजी-आजोबांच्या उपचारासाठी घरातल्या इतरांच्या वाट्याचे पाच लाख त्यामुळे वापरले जात नाहीत.

आता ही योजना चालते कशी, ते नीट समजून घ्या, कारण घोळ इथेच होतात. ही पैसे परत देणारी योजना नाही. प्रत्येक शस्त्रक्रियेचं ठरलेलं पॅकेज असतं. ते पैसे सरकारी यंत्रणा थेट रुग्णालयाला देते. रुग्णालयाने आधी ऑनलाइन मंजुरी घ्यायची आणि मग शस्त्रक्रिया करायची. पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा झडप, त्यासाठी लागणाऱ्या तपासण्या, औषधं, जेवण आणि डिस्चार्जनंतरची पहिल्या काही दिवसांची औषधं येतात. घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा त्यात धरलेलं आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पण "आधी खासगीत पैसे भरून करून घेऊ, मग बिल योजनेला लावू" हे चालत नाही. एकदा पावती फाडली की ते पैसे गेले.

दुसरा घोळ रुग्णालयाच्या यादीचा. रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही, त्याचा हृदयशस्त्रक्रिया विभाग योजनेत हवा. काही ठिकाणी हाडांचं आणि किडनीचं योजनेतून होतं, हृदयाचं मात्र रोखीने. म्हणून भरती होण्याआधी योजनेच्या टोल-फ्री क्रमांकावर विचारा: १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. आयुष्मानचा क्रमांक १४५५५. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. बिलिंग काउंटरच्या आधी त्याला भेटा, नंतर नाही. रिसेप्शनवरच्या माणसाचं "इथे योजना चालत नाही" हे उत्तर शेवटचं धरू नका.

तिसरा घोळ सगळ्यात आपल्याकडचा आहे. कोकणातलं निम्मं घर गावात आणि निम्मं मुंबईत. वडिलांचं नाव गावच्या रेशनकार्डावर असतं. मुलाचं गावच्या कार्डातून कमी केलेलं, पण नालासोपाऱ्याच्या कार्डात चढवायचं राहिलेलं. सूनबाईंचं माहेरच्या कार्डात. आधारवर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरं. तब्येत ठणठणीत असताना याने काही अडत नाही. मंजुरीच्या दिवशी अडतं. रेशनकार्ड ऑनलाइन आहे का आणि बारा अंकी क्रमांक मिळाला आहे का, हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आजच पाहून घ्या. आयुष्मान कार्ड आशाताईंच्या मदतीने किंवा सेवा केंद्रात काढता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

रुग्णालयाने योजनेत भरती करूनही "झडप चांगली हवी असेल तर वरचे चाळीस हजार" असं म्हटलं तर? लेखी मागा. योजनेतल्या रुग्णाकडून त्याच उपचारासाठी जादा पैसे घेता येत नाहीत. लेखी मागितलं की बरेचदा तो विषयच बंद होतो. नाही झाला तर आरोग्यमित्र आणि वरचा टोल-फ्री क्रमांक तक्रारीसाठीही आहेत.

केईएम, जे. जे., की आणखी कुठे?

परळचं केईएम, भायखळ्याचं जे. जे., शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय, ही मुंबईची सार्वजनिक रुग्णालयं. तिथे गर्दी आहे, जमिनीवर झोपलेले नातेवाईक आहेत, आणि तातडीची नसेल तर शस्त्रक्रियेची तारीख कित्येक आठवड्यांनंतरची, कधी महिन्यांनंतरची मिळते. हे खरं. पण "सरकारी म्हणजे दुय्यम" हे हृदयाच्या बाबतीत खरं नाही. भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्येच केलं. जगात पहिलं झालं त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण फार काळ जगला नाही, आणि देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये झालं. पण परळच्या त्या इमारतीचा अनुभव किती जुना आहे, ते यावरून कळावं.

दक्षिणेकडे चिपळूणच्या पुढे डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, धर्मादाय आणि वैद्यकीय महाविद्यालय असलेलं. पोलादपूरच्या माणसाला ते मुंबईपेक्षा जवळ पडतं. तुमच्या रुग्णाला लागणारी नेमकी शस्त्रक्रिया तिथे होते का, हे आधी फोन करून विचारा. पुण्याला जायचं असेल तर वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, ताम्हिणीने फिरून जावं लागतं. शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासण्या जुलै-ऑगस्टमध्ये येणार असतील तर हे आधीच धरून चाला.

कुठे जायचं हे कोण सांगतंय, याकडेही थोडं लक्ष असू द्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. विंचवाचं विष हृदयावर कसा घाला घालतं आणि प्राझोसिन या औषधाने रुग्ण कसा वाचतो, हे त्यांनी इथल्या रुग्णांवर उपचार करता करता दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावरची दुसरी गोष्ट आपल्या विषयाशी जास्त जवळची आहे. २०१३ मध्ये त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं, आणि तपासणी केंद्राकडून त्यांना बाराशे रुपयांचा धनादेश आला. रुग्ण पाठवल्याबद्दलचा. त्यांनी थेट महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. 'कट प्रॅक्टिस' हा शब्द त्यानंतर वर्तमानपत्रांतून घराघरात पोहोचला. २०१७ मध्ये राज्याने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार केला होता. प्रत्येक डॉक्टर कमिशन घेतो असा याचा अर्थ नाही, उलट तक्रार करणाराही डॉक्टरच होता. अर्थ एवढाच की "अमुकच रुग्णालयात जा" असं ठासून सांगितलं गेलं तर कारण विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

आणि अँजिओग्राफीची सीडी व रिपोर्ट तुमचे आहेत. मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं देणं वैद्यकीय परिषदेच्या नियमाने बंधनकारक आहे. ती सीडी घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाकडे गेलात तर हजार-दोन हजार फी जाईल. "स्टेंटने भागेल" किंवा "औषधांवर राहू द्या" असं उत्तर आलं तर लाखांचा फरक पडतो. "नाही, बायपासच" असं आलं तर निदान मनातली शंका जाते.

धर्मादाय खाटा: कागदावरचा हक्क

मुंबई-पुण्यातली कित्येक नामांकित, महागडी रुग्णालयं कायद्याने धर्मादाय न्यास आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. या रुग्णांच्या खर्चासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं आणि स्टेंट-झडपेसारख्या वस्तूंचा निम्मा तरी खर्च उचलावा लागतो. आणीबाणीचा रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागता भरती करून त्याला स्थिर करणंही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

महाडकराला कागदावरचा हक्क आणि हातात पडलेला हक्क यांतला फरक समजावून सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी ओंजळीत पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागची हजारो माणसं तळ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत. रुग्णालयातल्या खाटेशी त्याची बरोबरी करायची नाही. पण ठराव झाला म्हणजे दार उघडलं असं होत नाही, हे दोन्हीकडे सारखं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा, बिलिंगची नव्हे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. "खाटा भरल्यात" असं उत्तर मिळालं तर तेही लेखी मागा. खोटं उत्तर लेखी द्यायला कोणी सहज तयार होत नाही. पुढची पायरी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. हा अर्ज भरतीच्या वेळीच करायचा. डिस्चार्जच्या दिवशी पाच लाखांचं बिल हातात घेऊन केलेली विनवणी क्वचितच फळते.

खासगीत जायचं असेल तर

हातात योजना असूनही काही कुटुंबं खासगीत जातात. तारीख लवकर मिळते, सर्जन ओळखीचा असतो, किंवा घरात विमा असतो. त्यात चूक काही नाही. फक्त लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ते वाचा.

"पॅकेज साडेतीन लाख" यात नेमके किती दिवस आहेत? बायपासनंतर साधारण दोन-तीन दिवस अतिदक्षता विभाग आणि एकूण आठवडा ते दहा दिवस धरले जातात. त्यापुढचा प्रत्येक दिवस पॅकेजबाहेर. रक्त, डायलिसिस, दुसऱ्या तज्ज्ञाची भेट, हे आत की बाहेर? गुंतागुंत झाली तर याआधीच्या अशा रुग्णांचं बिल कुठपर्यंत गेलं, हेही विचारा. प्रामाणिक बिलिंग विभाग आकडा सांगतो.

खोलीचं प्रकरण तर वेगळंच आहे. सिंगल रूम घेतली म्हणजे फक्त खोलीभाडं वाढतं असं लोकांना वाटतं. बहुतेक खासगी रुग्णालयांत खोलीच्या वर्गाप्रमाणे सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, तपासण्या, सगळंच वर सरकतं. छाती उघडतात ते थिएटर मात्र सगळ्यांना एकच. अतिदक्षता विभाग सोडून इतर खोलीचं भाडं दिवसाला पाच हजारांच्या वर असेल तर त्यावर ५ टक्के जीएसटीही लागतो.

स्टेंटच्या बाबतीत एक दिलासा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली. औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी औषधयुक्त स्टेंट लाखाच्या घरात विकला जात होता. मर्यादा दरवर्षी थोडी बदलते, तरी २०२५ मध्येही औषधयुक्त स्टेंट चाळीस हजारांच्या आत होता. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवावा लागतो. "स्टेंटचे ऐंशी हजार" असं कोणी म्हणालं तर हाच कागद मागा.

तपशीलवार बिल मागणं हा तुमचा हक्क आहे. आणि दुर्दैवाने रुग्ण दगावला, तर थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. २०२१ च्या राज्याच्या नियमांत हे स्पष्ट आहे.

विमा आणि ईएसआय

विम्याच्या कागदात तीन ओळी शोधा. पहिली खोलीभाड्याची मर्यादा. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीला दिवसाला १ टक्का, म्हणजे पाच हजारांची मर्यादा. तुम्ही दहा हजारांची खोली घेतली. आता विमा कंपनी फक्त खोलीतला फरक कापत नाही, सर्जनची फी आणि थिएटरसारखे खोलीला जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापते. ते दोन लाख असतील तर एक लाख तुमच्या खिशातून. औषधं, स्टेंट, झडप आणि तपासण्यांवर अशी कपात करता येत नाही. दुसरी ओळ सहभागाची: काही पॉलिसींत प्रत्येक बिलाचे १० किंवा २० टक्के तुम्हीच भरायचे असतात. तिसरी आधीपासूनच्या आजाराची. एप्रिल २०२४ पासून त्यासाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. रक्तदाब किंवा मधुमेह पॉलिसी घेताना लपवला, तर हृदयाचा दावा नाकारायला कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. एजंट म्हणाला "लिहू नका, हप्ता वाढेल", तरी लिहा.

ब्लॉक सापडल्यावर घेतलेल्या नव्या पॉलिसीचा या शस्त्रक्रियेला उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नको.

महाड एमआयडीसीतल्या कामगाराने पगाराची पावती काढून पाहावी. त्यावर ईएसआयची कपात दिसत असेल (महिना पगार २१ हजारांपर्यंत असणाऱ्यांची ती होते, आणि पगाराच्या पाऊण टक्का असते), तर स्वतःबरोबर आई-वडील अवलंबून असल्यास त्यांचेही मोठे उपचार त्यातून होऊ शकतात. वर्षानुवर्षं कपात चालू असते आणि कार्ड मात्र काढलेलं नसतं, असं फार घरांत आहे.

फुकट शस्त्रक्रियेचे ८४ हजार

आता ज्याचा हिशोब कोणी करत नाही तो भाग. समजा पोलादपूर तालुक्यातल्या ५८ वर्षांच्या शेतकऱ्याची बायपास मुंबईत योजनेतून झाली. रुग्णालयाचं बिल शून्य. पण दोन नातेवाईक वीस दिवस मुंबईत राहिले, माणशी रोजचे तीनशे धरले तर १२ हजार. जाण्या-येण्याच्या गाड्या आणि एसटी, ८ हजार. एमआयडीसीत कंत्राटी असलेल्या मुलाचे पंचवीस खाडे, सहाशेने १५ हजार. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने जड उचलायचं नाही, म्हणजे शेतीला मजूर लावावे लागणार, १० हजार. वर्षभरात तीन फेरतपासण्या, प्रवासासकट ९ हजार. औषधं महिन्याला अडीच हजार, म्हणजे ३० हजार. बेरीज ८४ हजार.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण फुकट शस्त्रक्रियेलाही पहिल्या वर्षात लाखाच्या आसपास रोकड लागू शकते. ती हाताशी नसली की सगळ्यात आधी औषधं तुटतात. स्टेंट टाकलेल्या रुग्णाने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने बंद केली तर स्टेंट अचानक गच्च होऊ शकतो. मग पुन्हा झटका आणि पुन्हा सगळा खर्च.

यातले काही आकडे खाली आणता येतात. औषधांचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि जनऔषधी केंद्रातून घेतली तर महिन्याचं बिल बरंच उतरतं. थांबायला वाव असेल तर शस्त्रक्रियेची तारीख भातलावणीच्या तोंडावर घेऊ नका. लालबाग-परळला नात्यातली एखादी खोली असेल तर राहण्याचा प्रश्न सुटतो. नसेल तर समाजसेवकाकडे धर्मशाळांची चौकशी करा, गाडगेबाबांच्या नावाच्या धर्मशाळा मुंबईत अजून रुग्णांच्या नातेवाइकांना आसरा देतात.

पैसे उभे करताना

पाच लाखांचा आकडा ऐकल्यावर पहिली नजर जमिनीवर जाते. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक गावात फिरतच असतं, आणि घरात आजारपण आहे हे त्याला आधी कळतं. घाईत ठरलेला भाव पडेल असतो. शिवाय सातबाऱ्यावर पाच चुलत्यांची नावं असली की पैसे वेळेवर हातात येतही नाहीत, बयाणा तेवढा अडकतो. योजना, धर्मादाय आणि विमा ही तिन्ही दारं लेखी उत्तर घेऊन बंद झाल्याशिवाय जमिनीचा विषय काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. थोड्या दिवसांची सोय हवी असेल तर बँकेतलं सोनेतारण पतपेढीच्या वैयक्तिक कर्जापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. दागिना परत येतो, विकलेलं वावर येत नाही.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही मोठ्या उपचारांना मदत मिळते. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत हवं, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. योजनेत बसत नसलेल्या उपचारासाठी हा मार्ग आहे. अर्ज उपचाराआधी किंवा उपचार चालू असताना करायचा, नंतर नाही.

आपल्या भागात याहून जुनी एक सोय आहे, ग्रामस्थ मंडळाची. गावचं मुंबई मंडळ, वाडीची भिशी, बायकांचा बचत गट. तिथून दोन दिवसांत पन्नास हजार उभे राहतात ते कुठल्या ॲपवर राहत नाहीत. समाजमाध्यमांवर मदतीचं आवाहन टाकायचंच असेल तर पैसे शक्यतो रुग्णालयाच्या खात्यावर मागा. रुग्णाचं आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट यांचे फोटो जसेच्या तसे टाकू नका. ते उचलून दुसऱ्याच खात्याचा क्रमांक लावून फिरवणारे लोक आहेत.

मूल असेल तर

जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या बाळासाठी मार्ग वेगळा आणि बराच सोपा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हृदयशस्त्रक्रिया मोफत करून दिली जाते. ग्रामीण रुग्णालयातल्या त्या पथकाला भेटा. आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, श्री सत्य साई संजीवनी हे लहान मुलांच्या हृदयाचं रुग्णालय आहे. तिथे बिलाचा काउंटरच नाही.

झडप निवडताना

झडप बदलायची असेल तर सर्जन विचारतात, धातूची की जैविक? धातूची वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची पीटी-आयएनआर तपासणी नियमित करावी लागते. सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला. जैविक झडपेला बहुतेकांना ती गोळी काही महिनेच लागते, पण दहा-पंधरा वर्षांत झडप झिजून पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. तरुण मुलीच्या बाबतीत गरोदरपणाचा विचारही करावा लागतो, कारण ती गोळी गर्भाला धोक्याची ठरू शकते. हे सर्जनशी मोकळेपणाने बोला. आणि बोलताना सांगा की आम्ही दूर गावात राहतो, पीटी-आयएनआर करायला महाडला यावं लागतं, एसटी दिवसाला दोनच आहेत. सर्जनला हे आपणहून कळायला मार्ग नसतो, आणि त्याच्या उत्तरावर याचा फरक पडतो.